सरांच्या फाईलीतली एक ओळ

राजिवडा, रत्नागिरी
२० नोव्हेंबर २००५

रमजान मामू,

सलाम. ईदचं तुमचं पत्र यासीनभाईंच्या हातून पोचलं, खजूरही पोचले. खजूर दोन दिवसांत संपले, पत्र अजून आहे. अम्मी म्हणते, मस्कतला फोन लाव, भाऊ निदान हूं तरी म्हणेल. मी म्हटलं, तीस वर्षं इंजिनापाशी काढलेल्या माणसाला फोनवर काही ऐकू येत नाही, आणि नुसतं हूं ऐकायला परदेशी कॉल कशाला. म्हणून हे पत्र.

तुम्ही विचारलंत की मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून करते काय. या वेळी सांगण्यासारखं आहे. मारुती मंदिराजवळ एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. मालक संदेश धरून आम्ही सात जण. मुंबईच्या एका कंपनीसाठी आम्ही प्रोग्राम लिहितो. जहाजातून उतरलेल्या मालाची यादी असते, लाख-दोन लाख नोंदींची. त्यातून हवी ती पेटी शोधून द्यायची, एवढंच काम. हा शोधायचा प्रोग्राम २००१ साली आत्माराम सरांनी लिहिला. सर तुम्हाला आठवत असतील. शाळेतली नोकरी सोडून ९८ साली त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता आणि तुम्ही माझी फी भरायला गेलात तेव्हा त्यांनी तुम्हाला अर्धा तास माउस कसा धरायचा ते शिकवलं होतं. आता तेही आमच्याच ऑफिसात आहेत, माझ्या शेजारच्या टेबलावर.

तोच प्रोग्राम मी नव्याने लिहिला. कोणाचा जास्त वेगवान ते मोजायचं होतं. तुम्हाला वाटेल, घड्याळ लावलं की झालं. तसं नाही. जावा म्हणून जी भाषा आम्ही वापरतो ती नवा प्रोग्राम आधी पोरांनी धडा वाचावा तशी अडखळत वाचते. तोच भाग हजारो वेळा पुढे आला की मग तिला तो पाठ होतो आणि ती धडाधड पळायला लागते. म्हणून आधीच्या फेऱ्या नुसत्या सरावाच्या, त्या मोजायच्या नाहीत. मोजणी नंतर.

यासाठी मी एक मापक लिहिला. जावामध्ये हल्ली एक सोय आली आहे, अॅनोटेशन. प्रोग्रामच्या डोक्यावर @ चं चिन्ह घालून एक ओळ लिहायची. ती ओळ स्वतः काही काम करत नाही, फक्त सांगते. सराव दहा हजार फेऱ्या, मोजणी वीस. माझा मापक ती ओळ वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. ज्याच्या डोक्यावर अशी ओळ नाही, त्याला सराव शून्य आणि मोजणी वीस. मूळ कामाला धक्का न लावता सगळं बाहेरून ठरवता येतं, म्हणून मला ही सोय फार आवडली.

मी माझ्या प्रोग्रामवर ओळ घातली. सरांची फाईल मात्र होती तशीच चालवली. आमच्या ऑफिसात सरांच्या फाईलीत कोणी एक अक्षर घालत नाही. कोणी तसा नियम केलेला नाही, पण आम्ही सहाही जण त्यांच्याच क्लासातून आलेले. फळ्यावर सरांनी लिहिलेलं आपण पुसतो का, तसंच.

आकडे आले. सरांचा प्रोग्राम एका शोधाला तीनशे तीस मिलिसेकंद घेतो, माझा तीस. अकरा पट, मामू. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. या मोजणीचं पुढे काय ते संदेश बघेल. तुमच्या वर्कशॉपमध्ये इंजिनाची परीक्षा कशी घेतात ते कळवा.

तुमची
कनीज

*

मस्कत
९ डिसेंबर २००५

कनीज,

पत्र काल पोचलं. तुझं अक्षर तुझ्या आजीवर गेलंय, ओळ सरळ आणि मजकूर तिरका. माउसचं आठवलं. सरांनी अर्धा तास घालवला आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही पाना धरा, तोच बरा." माणूस सज्जन आहे.

तुझ्या अॅनोटेशनचं मला काही नवल वाटलं नाही. ते आमच्याकडे केव्हापासून आहे. टगबोटीचं इंजिन खोलून पुन्हा बांधलं की बंदरावर नेण्याआधी चाचणी होते. चाचणी झाल्यावर पत्र्याची एक पट्टी तारेने इंजिनाला बांधायची. पट्टीवर ठोकून लिहायचं, किती वेळ गरम केलं, पाणी किती तापलं, किती भार दिला, आकडा काय आला आणि शेवटी बांधणाऱ्याचं नाव. पट्टी इंजिन चालवत नाही, पण तिच्याशिवाय इंजिन फाटकाबाहेर जात नाही.

आता एक गोष्ट विचारतो, रागावू नकोस. आमच्याकडे दोन इंजिनांत चांगलं कुठलं ते ठरवायचं असेल तर दोन्ही अर्धा तास गरम करतात, मग आकडे घेतात. थंड इंजिन खोकतं, काळा धूर सोडतं, तेल जास्त पितं. तो त्याचा दोष नाही, थंडीचा आहे. एक गरम आणि एक थंड घेऊन शर्यत लावली तर आमचा फोरमन पाना फेकून मारील.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू तुझ्या इंजिनावर पट्टी बांधलीस, दहा हजार फेऱ्यांची. सरांच्या इंजिनावर कोणी बांधली? तूच लिहितेस की ज्याला पट्टी नाही त्याला सराव शून्य. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा मीच काही चुकीचं समजलो असेन. पण दिव्याखाली अंधार असतो, म्हणून विचारलं.

आणि हे मोजताय कशासाठी? ते तू लिहिलं नाहीस. तू लहानपणी बशी फोडलीस की त्या दिवशी बशी सोडून सगळ्या घराची हकीकत सांगायचीस.

अम्मीला सांग, सुकट मिळाली. खोलीतले बाकीचे दोघे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

रमजान

*

राजिवडा, रत्नागिरी
१२ डिसेंबर २००५

रमजान मामू,

तुमचं उत्तर अजून आलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहिते. मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती.

मुंबईच्या कंपनीला दोनपैकी एकच प्रोग्राम ठेवायचा होता आणि त्याच्यासाठी माणूसही एकच. सरांचा राहिला तर सर, माझा राहिला तर मी. संदेशने मोजणी म्हणूनच करायला सांगितली होती. त्याने मोजणीचा तक्ता ऑफिसात सगळ्यांना दाखवून मुंबईला पाठवला. मंगळवारी उत्तर आलं की नवीन ठेवा, आणि ज्या मुलीने हा मापक लिहिला तिला फेब्रुवारीपासून आमच्याकडे पाठवा. संदेशने पेढे आणले. पेढ्यांचा पुडा त्याने आधी सरांपुढे धरला, कारण ते वयाने मोठे. सरांनी अर्धा पेढा घेतला.

सर शनिवारी गेले. संदेशने त्यांना जा म्हटलं नाही. त्यांनीच अर्ज दिला, प्रकृतीचं कारण घालून. प्रकृतीला काही झालेलं नाही, ते भाट्यापासून रोज सायकलने येतात. जाताना ड्रॉवर रिकामा केला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि माझ्याकडे बघून "येतो" म्हणाले. मी उभी राहिले. मला वाटलं होतं की ते शाबास म्हणतील. क्लासात माझा प्रोग्राम पहिल्यांदा चालला तेव्हा म्हणाले होते.

मला वाईट वाटतंय. पण मामू, अकरा पट म्हणजे अकरा पट. आकड्याला वय नसतं, हे सरांनीच शिकवलंय.

अम्मी खूश आहे. मुंबईत खालाकडे राहायचं ठरतंय.

कनीज

*

राजिवडा, रत्नागिरी
२७ डिसेंबर २००५

रमजान मामू,

तुमचं नऊ तारखेचं पत्र शनिवारी संध्याकाळी मिळालं. पोस्टमन केरू तात्यांनी ते अम्मीकडे दिलं, अम्मीने तांदळाच्या डब्यावर ठेवलं, आणि मी जेवायला बसले तेव्हा तिला आठवलं. "सरांच्या इंजिनावर कोणी बांधली?" या वाक्याशी मी जेवता जेवता थांबले. मग जेवण तसंच राहिलं.

तुम्ही काही चुकीचं समजला नाहीत.

रविवारी ऑफिसची किल्ली मागून घेतली. सरांच्या फाईलीला तेव्हाही हात लावला नाही, तिची एक नक्कल केली आणि नकलेवर ओळ घातली. सराव दहा हजार फेऱ्या, मोजणी वीस. दोन्ही प्रोग्राम चालवले. सरांचा एकतीस मिलिसेकंद, माझा तीस. परत चालवले तर सरांचा तीस आणि माझा एकतीस. सहा वेळा चालवले. फरकच नाही, मामू. अकरा पट कुठे नव्हतंच. एक थंड होतं आणि एक गरम, तुम्ही म्हणालात तसं.

मापकात चूक नव्हती. त्याला जे लिहून दिलं ते त्याने केलं. सरांच्या डोक्यावर ओळ नव्हती म्हणून त्याने शून्य धरलं, आणि ते शून्य मीच ठरवून ठेवलेलं होतं. मी आदर म्हणून ज्या फाईलीला हात लावला नाही, त्याच आदराने सरांना घरी बसवलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

सोमवारी संदेशला सांगितलं. त्याने आकडे नीट बघितले, त्याला समजलं. मग म्हणाला, "कनीज, पत्र गेलंय, उत्तर आलंय, पेढे वाटून झालेत. सर स्वतःहून गेले. आता हे उकरून मुंबईवाल्यांना काय सांगायचं, की आम्हाला मोजता येत नाही?" तो वाईट माणूस नाही. त्याला सात जणांचं ऑफिस चालवायचं आहे. तोही सरांच्याच क्लासातला, पहिल्या तुकडीतला.

अम्मीला काही सांगितलेलं नाही. तिने माझ्यासाठी बॅग आणली आहे.

मी काय करू ते कळवा.

कनीज

*

मस्कत
१४ जानेवारी २००६

कनीज,

तुझी दोन पत्रं दोन दिवसांच्या अंतराने मिळाली, तीही उलटी. आधी सत्तावीसचं, मग बाराचं. त्यामुळे तुला आधी रडताना बघितलं आणि मग पेढे खाताना. बकरी ईद झाली, ठीक झाली.

काय करू म्हणून विचारतेस. अगो, पत्र जायला पंधरा दिवस आणि यायला पंधरा. मला विचारून करायचं ठरवलंस तर तोवर तू मुंबईला पोचलेली असशील. म्हणजे तुझं ठरलेलं असणार, फक्त कुणीतरी म्हणावं असं तुला वाटतंय. म्हणतो.

आमच्याकडे पट्टी चुकीची बांधली गेली असं कळलं तर ती काढत नाहीत. फोरमन काढूच देत नाही. तिच्यावर दुसरी बांधायची, खरा आकडा घालून आणि त्याच माणसाचं नाव घालून. जुनी खाली तशीच राहते, कोणीही उचलून वाचावी. मी नवीन होतो तेव्हा मला ही मोठी बेअब्रू वाटायची. माझ्या नावाच्या अशा जोडपट्ट्या या बंदरात चार बोटींवर आहेत. पुढे कळलं की कप्तान लोक दोन पट्ट्यांचं इंजिन आधी मागतात. ते म्हणतात, हे कुणीतरी परत बघितलंय.

तेव्हा दुसरी पट्टी बांध. पण मुंबईला लिहायच्या आधी भाट्याला जा. ज्याचं इंजिन त्याला आधी सांगायचं. सरांना तुझ्या तोंडून कळू दे, दुसऱ्या कुणाकडून नको.

मुंबईची जागा जाईल. ते तुला माहीत आहे म्हणूनच तू अम्मीला सांगितलं नाहीस. तिला मी वेगळं लिहितो आहे. बॅग वाया जात नाही, मी सुट्टीवर येईन तेव्हा मला लागेल.

रमजान

*

राजिवडा, रत्नागिरी
१२ फेब्रुवारी २००६

रमजान मामू,

सगळं झाल्यावर लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला उलटं-सुलटं वाचावं लागणार नाही.

तुमचं पत्र २७ जानेवारीला आलं. २९ ला, रविवारी, पुलावरून चालत भाट्याला गेले. सरांचं घर नारळ संशोधन केंद्राच्या पुढे, आतल्या बाजूला आहे. सर अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होते. मला बघून म्हणाले, "काय गो कनीज, वाट चुकलीस?" दमयंती काकू आतून म्हणाल्या, "ये गो, बस, चहा ठेवते." त्यांच्या बोलण्यात काही फरक नव्हता, त्याने मला जास्त अवघड झालं.

मी दोन्ही तक्त्यांचे कागद नेले होते. आधीचा आणि नवा. सरांच्या हाताला वंगण होतं म्हणून त्यांनी कागद घेतले नाहीत, मी धरून उभी राहिले आणि ते वाचत होते. नवा वाचला. मग जुन्या कागदावर कोपराने दाखवत म्हणाले, "हे शून्य मी तेव्हाच बघितलं होतं. माझ्या नावापुढे सराव शून्य, तुझ्या नावापुढे दहा हजार."

मी विचारलं, "मग सर, तुम्ही बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "मला वाटलं, तू ठरवून केलंस."

मामू, मी त्यांच्याकडे सात वर्षं शिकले आणि काम केलं. दीड महिना हा माणूस माझ्याबद्दल असं समजून घरी बसला होता. रागावलाही नव्हता. म्हणाले, "शिकवलेल्या मुलीशी काय भांडायचं? जागा एक होती. तुझं वय पुढे जायचं. मी म्हटलं, हवीच असेल तर घेऊ दे." मी रडले, ते सांगते. काकू चहा घेऊन आल्या आणि परत आत गेल्या.

मग मी सांगितलं की सर, तुमच्या फाईलीत हात कसा घालायचा म्हणून ओळ घातली नाही. आम्ही कोणीच घालत नाही. सरांना हे माहीतच नव्हतं. म्हणाले, "अगो, मला आपलं वाटायचं की माझ्यात चुका सापडत नाहीत म्हणून कोणी हात लावत नाही." आणि हसायला लागले. एवढं हसले की सायकल कलंडली.

सोमवारी मी मुंबईला लिहिलं. संदेशला आधी सांगून लिहिलं, त्याला न कळवता नाही. जुना तक्ता तसाच ठेवला, त्याच्यावर नवा लावला, आणि चूक कशी झाली ते तीन ओळींत लिहून खाली माझं नाव घातलं. संदेश दोन दिवस माझ्याशी फक्त कामाचं बोलला.

गुरुवारी उत्तर आलं. मोजून दोन ओळी. वेगात फरक नसेल तर चालू आहे तोच प्रोग्राम ठेवा, चाललेलं बदलण्याचं कारण दिसत नाही. आणि बरोबरच आहे ते, मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. म्हणजे प्रोग्राम सरांचा राहिला आणि जागाही सरांची. मुंबईचं काही लिहिलं नव्हतं, मीही विचारलं नाही. संदेशने मला मार्चअखेरपर्यंत ठेवलं आहे, तोवर दुसरं काम आलं तर बघू म्हणाला. अम्मीला तुमचं पत्र मिळालं होतं. तिने बॅग माळ्यावर टाकली आणि तुमच्या नावाने अर्धा तास बोलली. मला काही म्हणाली नाही.

संदेश स्वतः भाट्याला जाऊन सरांना बोलावून आला. सोमवारी, सहा तारखेला, सर आले. सायकल खाली लावली, वर आले, खुर्ची टेबलाखालून ओढली. सगळे उभे होतो. सर बसले नाहीत. त्यांनी आपला कॉम्प्युटर सुरू केला, ती फाईल उघडली आणि मला म्हणाले, "बस."

मी त्यांच्या खुर्चीवर कशी बसणार? ते म्हणाले, "बस म्हणतो ना. तुझी ती ओळ माझ्यावर घाल. नकलेवर नको, इथे. सगळे बघतायत तोवर घाल, म्हणजे पुढे कुणाला अडचण नको."

मी बसले. फाईलीच्या माथ्यावर २००१ ची तारीख आणि त्यांचं नाव होतं, बाकी कोणाचं अक्षर नव्हतं. मी शोधायच्या भागाच्या वर जागा केली आणि @ चं चिन्ह टाकलं. सर मागे उभे राहून वाचत होते, क्लासात उभे राहायचे तसे.

आकड्यापाशी मी थांबले. म्हटलं, "सर, सराव किती घालू? तुम्ही म्हणाल तेवढा. वीस हजार घालू का?"

सरांनी विचारलं, "तुझ्यावर किती आहे?"

"दहा हजार."

"मग मलाही दहाच घाल," सर म्हणाले. "एक फेरी जास्त नको."

मी तेवढंच घातलं, मामू.

तुमची
कनीज